मूळ कागद कुणी पाहिला?

सुनीती: पण मामा, सोमवारी येत नाही म्हणून फोन करायचाच होता तर मला करायचात. हॉस्पिटलच्या काउंटरला कशाला? मी तुमच्या डोक्यावर राहते, वरच्या मजल्यावर. नुंगंबाक्कमच्या आमच्या काउंटरवरची मुलगी मला सांगते, "मॅडम, तुमच्या अभ्यासातून विशालाक्षी अम्मांचं नाव काढायला सांगितलंय." मला वाटलं मामींना पुन्हा काहीतरी झालं. तशीच जिना उतरून आले.

सुधींद्र: हळूं बोल, बाळ. आंत पडली आहे ती. तुझ्या तोंडावर नको म्हणायला माझी जीभ उचलेना. म्हणून काउंटरला सांगितलें. ये, बैस.

सुनीती: बसत नाही. आणि उंबऱ्यापुढे हे काय चिकटवलंय? स्टिकर?

सुधींद्र: स्टिकर कोलम. छापील रांगोळी. अर्ध्या अण्णा नगराच्या दारांत तेंच आहे.

सुनीती: मामींच्या दारात नव्हतं कधी. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी मी सांगलीला आईला फोटो पाठवला होता मामींच्या रांगोळीचा. शेजार चांगला मिळालाय, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच पण मराठी बोलणारे, म्हणून.

सुधींद्र: तेव्हां तिचा हात चालत होता. आतां आठ महिने झाले. पाय आला, चालते. बोलणें आलें, अडखळत कां होईना, आलें. हात नाही आला. उजवाच नेमका. पोदुम्, बाळ. पुरे झालें. रोज सकाळीं कोरा उंबरा बघून ती तोंड फिरवायची. तें बघवेना, स्टिकर आणला.

सुनीती: त्यासाठीच तर सोमवारपासून बोलावतेय ना! माझ्या अभ्यासात झटका येऊन गेलेलीच माणसं आहेत सगळी. मामींसारखीच. हाताचे व्यायाम रोज, नीट, ठरवून.

सुधींद्र: कशाला? वेळ टळून गेली आहे.

सुनीती: कसली वेळ?

सुधींद्र: मज लहान मूल समजूं नको. तूं तर याच विद्येंतली. तुज ठाऊक नाही? पहिले तीन महिने खरे. ओढून ताणून सहा. त्यापुढें हात जिथें आहे तिथें राहतो. संपलें.

सुनीती: हे कुणी सांगितलं तुम्हाला?

सुधींद्र: वेंकटनें. डॅलसहून पेपर पाठविला. मोठा पेपर आहे, ऐरागैरा नाही. त्याच्या खालीं आंकडा होता, किती लोकांनीं त्याचा आधार घेतला म्हणून. हजारों! सगळ्या जगांतले डॉक्टर. मी दोनदां वाचला. तिसऱ्यांदां वाचवेना.

सुनीती: वेंकटदादांचं बरं आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या.

सुधींद्र: त्याला बोल लावूं नको. आईच्या काळजीनेंच शोधला त्यानें. तो म्हणाला, "अप्पा, आतां अम्माला व्यर्थ आशा दाखवूं नका, तिला शांत राहूं द्या." बरोबर बोलला. चूक माझी आहे.

सुनीती: तुमची कशी?

सुधींद्र: अय्यो, तें नको विचारूं.

सुनीती: विचारलंय, मामा.

सुधींद्र: तो कार्तिक यायचा हाताचे व्यायाम घ्यायला, आठवतो? उंच, चष्मेवाला. पहिल्याच महिन्यांत. ताटलींत चिंचोके ओतायचा आणि हिला म्हणायचा, "एक एक उचला, अम्मा." हिला एक उचलेना. लग्नाकार्यांत शंभर पानें एकटीनें वाढणारी बाई, बाळ! चिंचोका घरंगळायचा आणि हिच्या डोळ्यांतून पाणी. मी पडद्याआडून बघायचों. एके दिवशीं राहवेना. कार्तिकला सांगितलें, "तंबी, बाळा, उद्यांपासून येऊं नको." आणि मीच सगळें करूं लागलों. केस विंचरले, वेणी घातली, घांस भरविला. तिला कशालाही हात लावूं दिला नाही. मज वाटायचें, मी सेवा करितों. आणि तेच तीन महिने होते, सुनीती. नेमके तेच. मीच तिचा हात मारला.

सुनीती: मामा.

सुधींद्र: रोज जेवतांना आठवतें. तिला अजून सांगितलें नाही मी, पेपरचें. "होईल, हळूं हळूं होईल" म्हणत बसतों, खोटारड्यासारखा. आतां तूं सोमवारीं नेशील, ती पुन्हा आशा धरील, पुन्हा रडेल. नको. दुधानें पोळलेला मनुष्य आहें मी.

सुनीती: आता बसते मी. पाणी द्या जरा. नाही, थांबा, मीच घेते. मामा, मी या दोन वर्षांत नक्की काय करतेय ते तुम्हाला कधी सांगितलं का हो?

सुधींद्र: झटक्याच्या लोकांवर संशोधन.

सुनीती: तो अर्धा भाग. उरलेला अर्धा असा, की झटक्यानंतरच्या उपचारांवर जे अभ्यास झालेत त्यातले सगळ्यांत गाजलेले घ्यायचे आणि तपासायचं, ते गाजलेत तेवढे चांगलेही आहेत का. नीट केलेत का. माझे सर सुरुवातीला हसले होते. म्हणाले, गाजलेला असतो तो चांगलाच असणार.

सुधींद्र: मग? नसतो काय?

सुनीती: काही असतात. काही नुसतेच गाजतात. तुमच्या वेंकटदादांचा पेपर मला पाठ आहे. त्या माणसाने हात स्वतः मोजलेलेच नाहीत! त्याने लिहिलंय "सर्वांना माहीत आहे की" आणि खाली दुसऱ्या पुस्तकाचं नाव टाकलंय. मी ते पुस्तक काढलं. त्यातही तेच, "सर्वमान्य आहे की", आणि खाली तिसऱ्याचं नाव.

सुधींद्र: आणि तिसरा?

सुनीती: मामा, तुम्ही नोकरीत काय करत होतात?

सुधींद्र: तुज ठाऊक आहे की. ऑडिट. उभा जन्म केंद्र सरकारचें ऑडिट.

सुनीती: मग तुमच्यापुढे एक बिल आलं. मूळ पावती नाही. म्हणे, साहेब, बिल खरंच आहे, कारण हजारो जणांनी याची झेरॉक्स काढलीय. पास कराल?

सुधींद्र: त्या मनुष्याला झेरॉक्ससकट खोलीबाहेर काढीन! पहिला प्रश्न माझा एकच असायचा, मूळ कागद कुणी पाहिला? माझे सेक्शनमधले लोक माझ्या माघारीं नक्कल करायचे या वाक्याची. मूळ कागद कुणी... अय्यो.

सुनीती: हं.

सुधींद्र: अय्यो, सुनीती.

सुनीती: मोबाइलवर मुलाचा पेपर आला आणि ऑडिटसाहेबांनी डोळे झाकून सही ठोकली.

सुधींद्र: मुलगा पाठवितो, अमेरिकेंतून पाठवितो, खालीं एवढा मोठा आंकडा. मज वाटलें, एवढ्यांतल्या एकानें तरी पाहिलें असेल.

सुनीती: प्रत्येकाला तसंच वाटलं. मेंढरं चालतात ना, पुढचीचं शेपूट बघत, तशी रांग लागली. मूळ कागद मी मागवला. जुनाट अभ्यास, एकाच हॉस्पिटलातला, मूठभर माणसं. ज्याने व्यायाम करून घेतले त्यानेच हात तपासले आणि त्यानेच मार्क दिले.

सुधींद्र: एकच मनुष्य बिल करितो आणि तोच पास करितो? आमच्याकडे चाललें नसतें!

सुनीती: मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेबच नाही. आणि आता मुख्य ऐका. त्यांनी माणसांना सहा महिने तपासलं. मग अभ्यास बंद केला. घरी गेले सगळे.

सुधींद्र: सहा महिन्यांपुढें?

सुनीती: पुढे काही नाही.

सुधींद्र: काही नाही म्हणजे? हात सुधारले नाहीत?

सुनीती: बघितलेच नाहीत, मामा! सातव्या महिन्यात एकाही माणसाचा हात कुणी हातात घेतलेला नाही. "आम्ही सहा महिन्यांपर्यंत पाहिलं" एवढंच त्या बिचाऱ्यांनी लिहिलंय. पुढच्याने लिहिलं, "सहा महिन्यांपर्यंत सुधारणा दिसते." त्याच्या पुढच्याने लिहिलं, "सहा महिन्यांनंतर दिसत नाही." आणि ते फिरत फिरत डॅलसवरून अण्णा नगरात तुमच्या घरात आलं.

सुधींद्र: थांब. थांब जरा. मज पुन्हा सांग. नाही झालें असें नाही. कुणी पाहिलें नाही.

सुनीती: तिथे कुणी पाहिलं नाही. नंतर इतरांनी पाहिलंय. गाजले नाहीत ते अभ्यास, पण नीट केलेले आहेत. त्यात काही जणांचे हात पुढेही सुधारलेत.

सुधींद्र: काही जणांचे.

सुनीती: काही जणांचे. मी तुम्हाला गोड गोड सांगायला आलेली नाही. सुरुवातीचे महिने मोलाचेच. तेव्हा भराभर येतं. कार्तिकला घालवलंत ते चुकलंच, मला तेव्हा कळलं असतं तर तुमच्याशी कडाडून भांडले असते. पण चुकलं म्हणजे हात मारला असं नाही. उशिरा येतं ते मुंगीच्या पावलाने येतं, थोडं येतं. कुणाचं येतच नाही. मामींचं काय होईल मला माहीत नाही. पण दार बंद झालंय असं तुम्हाला ज्या कागदाने सांगितलं, त्याने दार पाहिलेलंसुद्धा नाही.

सुधींद्र: मग तुझा अभ्यास तरी खरा कशावरून? मी आतां कुणावर विश्वास ठेवणार नाही.

सुनीती: शाब्बास! आले ऑडिटर. विचारा.

सुधींद्र: मोजणार कोण?

सुनीती: श्रीलक्ष्मी म्हणून मुलगी आहे, कोइंबतूरची. कुणाला कुठले व्यायाम मिळाले हे तिला कळू देत नाही आम्ही. मी मामींच्या हाताला मोजायला स्पर्शही करणार नाही. शेजारीण आहे मी, माझे डोळे मामींच्या बाजूचे. आणि सहा महिन्यांवर थांबणार नाही, पुढे बघत राहणार.

सुधींद्र: कुठले व्यायाम हें कोण ठरविणार?

सुनीती: चिठ्ठी. काहींना रोजच्या घरकामातले व्यायाम, काहींना हॉस्पिटलातले नेहमीचे. मलाही निवडता येत नाही. पण रिकाम्या हाताने कुणीच परत जात नाही. आणि एक विनंती, श्रीलक्ष्मीला मुरुक्कू, तुमच्या त्या चकल्या, नेऊन द्यायचे नाहीत.

सुधींद्र: एवढ्याशा मुरुक्कूनें काय होतें?

सुनीती: मुरुक्कू खाल्ले की मार्क वाढतात.

सुधींद्र: हं. तेंही खरें. सरि, ठीक आहे. नेत नाही.

विशालाक्षी: नेऊं... नका. मी काय... फुकटचे मार्क घेईन?

सुधींद्र: विशालम! तूं कधीं उठलीस? झोपली होतीस ना?

विशालाक्षी: एवढ्या... आरडाओरड्यांत? "हळूं बोल, हळूं बोल"... सगळ्यांत मोठा आवाज तुमचा.

सुनीती: मामी, या, इथे बसा. किती ऐकलंत?

विशालाक्षी: स्टिकरपासून.

सुधींद्र: अय्यो देवा. विशालम, तो पेपर... मी तुज सांगणार होतों...

विशालाक्षी: मज ठाऊक आहे. पेपर. केव्हांचा.

सुधींद्र: कसा?

विशालाक्षी: हरिप्रिया. सून आहे की माझी. व्हिडिओवर... रडली. "अम्मा, तुम्ही मनाची तयारी करा" म्हणाली. मी तिला म्हटलें... ह्यांना... तें काय तें... कळवूं नको. मज कळलें म्हणून.

सुधींद्र: म्हणजे मी तुझ्यापासून लपवितों आणि तूं माझ्यापासून?

विशालाक्षी: तुमचें तोंड... बघवलें नसतें. कार्तिकचें मनाला लावून घेतां तुम्ही. झोपेंत बोलतां.

सुनीती: धन्य आहे तुमची जोडी. एका घरात, एकाच पेपरला घाबरून, दोघं दोन खोल्यांत गप्प.

विशालाक्षी: सुनीती. तूं आतां बोललीस तें... खरें? कुणी पाहिलें नाही? सहाच्या पुढें?

सुनीती: त्या अभ्यासात कुणीच नाही, मामी.

विशालाक्षी: मग मज... एक सांगायचें आहे. हंसूं नको.

सुनीती: नाही हसणार.

विशालाक्षी: दुपारीं हे घोरतात. तेव्हां मी... पलंगावर... बोटें उघडून बघतें. सवय. होत नाही काही. मग मागच्या महिन्यांत... अंगठा हलला.

सुधींद्र: काय म्हणालीस?

विशालाक्षी: हलला म्हणजे... मज वाटलें. पण पेपरांत नाही म्हणून लिहिलें आहे. हजारों डॉक्टर नाही म्हणतात. मग मज वाटलें, भास. म्हातारपण. डोकें... बिघडलें आतां. हाताबरोबर डोकेंही. म्हणून बोलले नाही. घाबरले मी.

सुनीती: म्हणजे स्वतःचा अंगठा हलताना बघितलात आणि पेपर खरा मानलात?

विशालाक्षी: एवढी मोठी माणसें. मी कोण?

सुधींद्र: विशालम, एक महिना! एक महिना तूं एकटी...

विशालाक्षी: तुम्ही रडला असतां. आतां रडतांच आहां.

सुनीती: मामी, आत्ता दाखवाल? नाही झालं तरी चालेल. उगाच जोर लावू नका. श्वास रोखू नका.

विशालाक्षी: हातच्या कांकणाला... आरसा कशाला. बघा.

(विशालाक्षी उजवा हात टेबलावर ठेवते. बोटं तशीच आत वळलेली. सुधींद्रला वाटतं, बघू नये, नाही झालं तर तिचं तोंड बघवणार नाही. आणि तरी नजर हटत नाही. बराच वेळ काहीच होत नाही. मग अंगठा थांबत थांबत सरकतो आणि शेजारच्या बोटाच्या टोकाला टेकतो.)

सुनीती: मामी! अहो मामी!

विशालाक्षी: दिसलें? तुम्हां दोघांनाही?

सुनीती: दिसलं. लख्ख दिसलं. भास नाही.

विशालाक्षी: हे... तुम्ही? तुम्हांला दिसलें?

सुधींद्र: दिसलें ग. दिसलें, माझे आई. टेकला. मी माझ्या डोळ्यांनीं पाहिला. सुनीती, हिचा हात मेला नाही! मी मारला नाही!

सुनीती: नाही मारलात, मामा. शांत व्हा. पाणी प्या, हे घ्या.

सुधींद्र: वेंकटला फोन लावतों. आत्तां लावतों. झोपला असेल तर उठूं दे. विचारतों त्याला, मूळ कागद कुणी पाहिला म्हणून.

विशालाक्षी: नको. लेकराला झोपूं दे. उद्यां... मी बोलेन. मीच.

सुनीती: पण मामी, मामा, एक ऐका. शेजारीण म्हणून मला आत्ता नाचावंसं वाटतंय. संशोधक म्हणून सांगते, एका अंगठ्यावरून काही सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. तो पुढे किती चालेल, चमचा धरेल की नाही, मी काही लिहून देणार नाही.

विशालाक्षी: तूं पेपर लिही... शंभर अंगठ्यांवर. मज एकच आहे.

सुधींद्र: सोमवारीं किती वाजतां यायचें? मी रिक्षा सांगून ठेवतों. नाही, मेट्रोनें नेतों, तिला बाहेर बघायला आवडतें. काउंटरला पुन्हा फोन करितों, नाव घाला म्हणून.

सुनीती: काही करू नका. नाव मी काढलंच नव्हतं.

सुधींद्र: नव्हतेंस? मग एवढी भांडलीस कशाला?

सुनीती: घरच्यांची संमती नको का? मामींची तर मी घेतली होती. अडून बसलेले तुम्ही.

विशालाक्षी: बरें झालें आलीस. तुझा नवरा... अशोक... आला की नाही? ओरगडमच्या कारखान्यांतून?

सुनीती: शिफ्ट संपून आता येतीलच. जाते मी, कुकर लावायचाय. मामी, आजपासून एक करा. जे जमेल ते उजव्याने करून बघायचं. जमलं नाही तर डावा आहेच. आणि मामा, तुमचा अभ्यासक्रम वेगळा. तुम्ही मामींना मदत करायची नाही.

सुधींद्र: अजिबात?

सुनीती: पडत असतील तर धरा. बाकी हात मागे. तुमच्या प्रेमाने त्यांच्या हाताला काम मिळत नाहीये.

सुधींद्र: हें हिच्या व्यायामाहून कठीण आहे, बाळ.

सुनीती: माहीत आहे. म्हणूनच सांगितलं. येते हं.

विशालाक्षी: गेली?

सुधींद्र: गेली. जिना दोन दोन पायऱ्यांनीं चढते, बघ कशी. पोरगी सोन्यासारखी आहे. विशालम, मज हलकें वाटतें. कितीतरी दिवसांनीं छाती मोकळी झाली. तुज कसें वाटतें?

विशालाक्षी: भूक लागली.

सुधींद्र: हो हो! उपमा आहे, गरम करितों. ताक घालूं? बैस तूं, उठूं नको. आणलाच. हं, आ कर.

विशालाक्षी: ताटली... इकडे ठेवा.

सुधींद्र: चमचा जड आहे ग. पहिला घांस तरी मी देतों. सांडेल सगळें अंगावर, पातळावर.

विशालाक्षी: सांडूं दे. धुणें डाव्यानें येतें मज. तुम्ही तुमच्या ताटलींत बघून जेवा.